बाण सुटण्याआधी जागा मोजा

भाजीच्या गाडीवरच्या ताडपत्रीत घुसलेला बाण गेल्या सहा महिन्यांपासून आमच्या टेबलावर आहे. तो आम्ही मुद्दाम ठेवला आहे. कुणी शाळेच्या कामासाठी आले आणि "हे काय?" म्हणाले की आम्ही त्यांना सगळी हकिकत सांगतो. या महिन्यात ती वाचक बंधू-भगिनींनाही सांगावी असे वाटले, कारण तिरंदाजीचे वर्ग आता तालुक्याच्या गावांतही निघू लागले आहेत आणि आपल्या मोहल्ल्यांतली मुलेमुली त्यात हौसेने नाव घालत आहेत.

आमच्या गावात एका शिक्षणसंस्थेची शाळा आहे. तिच्या समितीवर आम्ही बरीच वर्षे आहोत. एका दानशूर गृहस्थांनी शाळेला सहा धनुष्ये, बाण आणि तीन लक्ष्ये घेऊन दिली. पीटीच्या सरांनी शिबिर जाहीर केले. आम्हांला वाटले होते पाच-सहा पोरे येतील. आली वीस, आणि त्यांतल्या अकरा मुली. साताऱ्याच्या अदिती स्वामीने २०२३ साली बर्लिनला कंपाउंड धनुष्याचे जागतिक विजेतेपद मिळवले तेव्हा ती अवघी सतरा वर्षांची होती. त्याच स्पर्धेत नागपूरच्या ओजस देवतळेने पुरुषांचे विजेतेपद मिळवले. जम्मू-काश्मीरच्या किश्तवाडची शीतल देवी तर जन्मतःच हात नसताना पायाने धनुष्य धरते, आणि २०२४ च्या पॅरिस पॅरालिंपिकमध्ये तिने राकेश कुमारसोबत कांस्यपदक जिंकले. हे सगळे आमच्या मुलींनी मोबाइलवर पाहिलेले होते. त्यांना कुणी समजावून सांगण्याची गरजच नव्हती.

जागा कुठे, असे सरांनी विचारले. आम्ही उभ्या उभ्या बोट दाखवले, "ती पश्चिमेकडची भिंत आहे ना, तिच्याकडे तोंड करून लावा. भिंत बाण अडवील." एवढाच काय तो आमचा विचार. टेप काढली नाही, भिंतीच्या पलीकडे जाऊन पाहिले नाही.

तिसऱ्या दिवशी असरच्या नमाजनंतर सराव चालू होता. उन्हे तिरपी होऊन थेट मुलांच्या डोळ्यांत येत होती. एका मुलाने डोळे बारीक करून बाण सोडला. तो लक्ष्याच्या वरून गेला, भिंतीच्या वरून गेला आणि पलीकडच्या गल्लीत भाजीच्या गाडीवर बांधलेल्या ताडपत्रीत घुसून राहिला. गाडीच्या मालकीणबाई, ज्यांना सारा मोहल्ला खाला म्हणतो, तेव्हा कोथिंबिरीच्या जुड्या बांधत खाली बसलेल्या होत्या. उभ्या असत्या तर? त्या विचाराने आजही अंगावर काटा येतो. त्याच गल्लीतून असरनंतर लहान मुले मकतबला जातात. त्या दिवशी अल्लाहच्या कृपेने कुणाला काही झाले नाही. पण अल्लाहच्या कृपेवर भिस्त ठेवून आपण उंट मोकळा सोडायचा नसतो, तो आधी बांधायचा असतो, ही शिकवण आपण लहानपणापासून ऐकत आलो आहोत. आम्ही उंट बांधलाच नव्हता.

मगरिबनंतर समितीची बैठक बसली. एक सदस्य म्हणाले, "बंद करा हा प्रकार. पोरींच्या हातात धनुष्यबाण द्यायची हौस कुणाची होती?" बाण एका मुलाने सोडला होता, तरी बोल मुलींना लागला! आम्ही मान खाली घालून बसलो होतो. तेवढ्यात खाला स्वतः बाण हातात घेऊन आल्या. आम्हांला वाटले, आता शिबिराचा निकाल लागला. पण त्या म्हणाल्या, "माझी नातपण त्यात आहे. तिला शिकू द्या. मला फक्त एवढंच सांगा भाई, ही गल्ली तुम्ही मोजली होती का?"

या प्रश्नाला आमच्याकडे उत्तर नव्हते. म्हणून आम्ही एक महिन्याची मुदत मागितली. तोवर एकही बाण सुटणार नाही असा शब्द दिला आणि दुसऱ्या दिवशी फजरनंतर टेप घेऊन मैदानावर गेलो.

आधी चूक काय झाली ते पाहिले. लक्ष्याचा मधला पिवळा गोल जमिनीपासून १३० सेंटीमीटर उंचीवर असावा असा खेळाचा नियम आहे. आमची लक्ष्ये सव्वा मीटर चौरस, म्हणजे त्यांची वरची कड जमिनीपासून जवळजवळ १९३ सेंटीमीटर. आणि आमची भिंत सहा फूट, म्हणजे १८३ सेंटीमीटर! ज्या भिंतीच्या भरवशावर आम्ही लक्ष्ये लावली, ती लक्ष्यांहूनही बुटकी होती. लक्ष्याच्या वरून गेलेला प्रत्येक बाण गल्लीतच जाणार होता. हे कळायला शिक्षण लागत नाही, फक्त टेप लागते.

दुसरी चूक सूर्याची. संध्याकाळी पश्चिमेकडे तोंड करून नेम धरायला लावणे म्हणजे मुलांच्या डोळ्यांवर पट्टी बांधण्यासारखेच. आपल्याकडे मैदान शक्यतो दक्षिणेकडून उत्तरेकडे आखतात, म्हणजे सकाळ असो वा संध्याकाळ, ऊन समोरून येत नाही.

तिसरी चूक बाणाला खेळणे समजण्याची. चांगल्या खेळाडूच्या धनुष्यातून बाण ताशी दोनशे किलोमीटरच्या आसपास वेगाने निघतो आणि सत्तर मीटर अंतर सेकंदापेक्षा थोड्याच जास्त वेळात कापतो. कंपाउंड धनुष्याचा बाण याहूनही वेगवान. नवख्या मुलाच्या हलक्या धनुष्यातला बाणसुद्धा तोंड वर करून सुटला तर शंभर मीटरच्या पलीकडे सहज जातो. जानेवारी २०२० मध्ये आसामात दिब्रुगडला सराव चालू असताना बारा वर्षांच्या एका मुलीच्या खांद्याजवळ बाण घुसला होता. तिला विमानाने दिल्लीला नेऊन शस्त्रक्रिया करावी लागली. ती बरी झाली, पण ही बातमी आम्ही शिबिराच्या आधी वाचून विचार करायला हवा होता.

मग प्रश्न आला, जागा लागते तरी किती? मोठ्या सामन्यांत रिकर्व्ह धनुष्याचे लक्ष्य ७० मीटरवर असते, कंपाउंडचे ५० मीटरवर, आणि बंद सभागृहातले १८ मीटरवर. नेम धरणारे एका रेषेवर उभे राहतात. आपली पाळी यायची वाट पाहणारे त्यांच्या मागे किमान पाच मीटरवरच्या दुसऱ्या रेषेमागे थांबतात. बघे त्याहून किमान दहा मीटर मागे. एका खेळाडूला उभे राहायला निदान ८० सेंटीमीटर रुंदी लागते. इथपर्यंत कुणालाही समजते.

खरी मेख पुढे आहे. आंतरराष्ट्रीय नियमांत ९० मीटरवरच्या लक्ष्यामागे आणखी ५० मीटर जागा माणसांपासून पूर्ण मोकळी ठेवायला सांगितली आहे. म्हणजे नेमाच्या रेषेपासून एकूण १४० मीटर. आता कुणीही म्हणेल, आमचे लक्ष्य ३० मीटरवरच आहे, तर मागे थोडी जागा पुरेल. आम्हीही तेच म्हणालो. पण नियम उलटा आहे. लक्ष्य ३० मीटरवर आणले तर त्याच्या मागे ११० मीटर मोकळे हवेत! विचार केला की पटते. लक्ष्य जवळ आणले म्हणून चुकलेला बाण लवकर खाली पडत नाही. तो आपल्या जोराने जायचा तेवढा जातोच. बाजूलाही तसेच. ९० मीटरच्या लक्ष्यरेषेच्या दोन्ही टोकांपासून वीस-वीस मीटर जागा सोडायची आणि नेमाच्या रेषेकडे येता येता ती दहा-दहा मीटरपर्यंत कमी करत आणायची. ३० मीटरच्या लक्ष्याशी ती साधारण तेरा मीटर भरते.

एवढी मोकळी जागा गावात कुणाकडे असते? म्हणूनच नियम एक सवलत देतो. लक्ष्यामागे बाण खात्रीने अडवील असा मातीचा बांध, योग्य जाळी किंवा तसे काही असेल तर मागचे अंतर कमी करता येते. मात्र झाडांचे कुंपण किंवा बाण आरपार जाईल अशी जाळी यांना अडसर म्हणून धरायचे नाही.

आमचे मैदान दक्षिणोत्तर ६४ मीटर आणि पूर्व-पश्चिम ३८ मीटर भरले. दक्षिणेला शाळेची इमारत, पश्चिमेला गल्ली, पूर्वेला सायकल स्टँड, उत्तरेला भिंत आणि पलीकडे एका शेतकऱ्याचे पडीक रान. मुलींनी वहीत नकाशा काढला आणि हिशेब मांडला. शाळेच्या व्हरांड्यात बघे. तिथून दहा मीटरवर थांबण्याची रेषा, पंधरा मीटरवर नेमाची रेषा, आणि तिथून ३० मीटरवर लक्ष्ये. झाले ४५ मीटर. मागे उरले एकोणीस. बाजूची तेरा-तेरा मीटर सोडली तर मधे बारा मीटरची पट्टी उरते. तीन लक्ष्ये, एका लक्ष्यावर दोघे, म्हणजे एका वेळी फक्त सहा जण.

सत्तर मीटर? ते या मैदानात बसतच नाही. खालांची नात जरा हिरमुसली. म्हणाली, "चाचा, ऑलिंपिकचं अंतर तर तेच आहे ना?" आम्ही म्हणालो, "हो बेटी, पण जे आपल्या मैदानात बसत नाही ते ओढूनताणून बसवलं की भिंतीपलीकडच्या माणसाच्या जिवावर बेततं." पुढे ज्यांचा हात बसेल त्यांना महिन्यातून एका रविवारी जिल्ह्याच्या मैदानावर न्यायचे, असे सरांनी कबूल केले.

एकोणीस मीटर पुरेसे नाहीत, म्हणून मातीचा बांध घालायचे ठरले. एक मोठी अडचण सरांनी सोडवली. नेहमी लोक नेमाची रेषा कायम ठेवतात आणि लक्ष्ये मागेपुढे करतात. आम्ही लक्ष्ये बांधासमोर कायमची रोवली आणि नेमाची रेषा मागेपुढे करायचे ठरवले. नवख्यांसाठी दहा मीटर, मग अठरा, मग तीस, सगळ्यांचे बाण त्याच एका बांधाकडे. फक्त एक अट: एका वेळी एकच रेषा चालू. दहा मीटरवाले पुढे आणि तीस मीटरवाले मागे, असे एकदम कधीही नाही.

बांध तीन मीटर उंच, तळाला सहा मीटर रुंद आणि अठरा मीटर लांब. शेजारच्या वस्तीत एकाचे शेततळे खोदणे चालू होते, त्याची माती मिळाली. पन्नासच्या वर ट्रॉल्या लागल्या. लक्ष्याकडच्या अंगाची माती चाळून घेतली, कारण दगडावर आपटलेला बाण उलटून कुठेही उडतो. पावसात बांध खचू नये म्हणून वर हरळी लावली. बांधाच्या डोक्यावर पाइप रोवून दोन मीटर उंचीची जाळी टांगली. इथे एक सूचना करावीशी वाटते. शेतातली हिरवी शेडनेट बाण अडवत नाही. तिरंदाजीसाठी बनवलेली जाड जाळीच घ्यावी आणि ती ताणून न बांधता सैल सोडावी. सैल जाळी बाणाचा जोर खाते, ताणलेल्या जाळीतून बाण पुढे निघून जाऊ शकतो. उन्हाने जाळीचा धागा कुजतो, म्हणून दरवर्षी हाताने ओढून पाहावा.

लक्ष्याची चौकट मागे दहा ते पंधरा अंश कललेली ठेवली आणि दोरीने खुंट्यांना बांधली. वाऱ्याने चौकट पडली तर त्यातले बाणही मोडतात आणि समोर उभ्या असलेल्याला इजा होते. रेषा फक्कीने आखल्या. उत्तरेकडचे फाटक सराव असेपर्यंत कुलूपबंद आणि त्यावर लाल निशाण. पडीक रानाच्या मालकांना घरी जाऊन वेळापत्रक दिले. माणूस रानात गवत कापायला कधी येईल सांगता येत नाही, त्यामुळे बांध असला तरी हे करायलाच हवे होते.

वाचकहो, हे सगळे करताना आम्हांला सारखे एक वाटत होते, की आपल्याला हे नवे कुठे होते? तिरंदाजी शिकण्याला आपल्या दीनमध्ये किती मान आहे ते सगळ्यांना ठाऊक आहे. जुम्म्याच्या बयानात आपण ते अभिमानाने ऐकतो. पण त्याच हदीसच्या ग्रंथांत, बुखारी आणि मुस्लिम दोन्हींत, आणखी एक ताकीद आहे आणि ती आपण क्वचितच सांगतो. प्रेषित मुहम्मद (स.) यांनी बजावले आहे, की बाण घेऊन मशिदीतून किंवा बाजारातून जाणाऱ्याने त्यांची टोके हातात धरून ठेवावीत, म्हणजे कुणाला इजा होणार नाही. बाण अजून भात्यातून निघालाही नाही, धनुष्याला लागलाही नाही, नुसता माणूस चालत जातो आहे, तरी गर्दीतल्या अनोळखी माणसाच्या अंगाची एवढी काळजी! मशीद आणि बाजार. आमच्या बाबतीत मकतबची वाट आणि भाजीची गाडी. आम्ही पहिली गोष्ट लक्षात ठेवली आणि दुसरी विसरलो. जिवंत प्राण्याला बांधून त्याच्यावर नेम धरण्यालाही सक्त मनाई आहे, हेही गच्चीवर कबुतरांवर नेम धरणाऱ्या पोरांना सांगायला हवे.

उहुदची हकिकतही आठवली. हिजरी सन ३ मध्ये उहुदच्या लढाईत हजरत अब्दुल्लाह बिन जुबैर (रजि.) यांच्या हाताखाली पन्नास तिरंदाजांना एका टेकडीवर उभे केले होते. बोलावणे येईपर्यंत जागा सोडायची नाही असा हुकूम होता. लढाई जिंकली असे वाटून बहुतेकांनी जागा सोडली आणि पुढे काय झाले ते आपण सगळे जाणतो. मैदानावर सर मुलांना हीच गोष्ट सांगतात. बाण मारून झाले म्हणून रेषा ओलांडायची नाही. शिटी होईपर्यंत थांबायचे.

शिटीची भाषा जगभर एकच आहे. दोन शिट्या: रेषेवर या. एक शिटी: बाण सोडायला सुरुवात करा. तीन शिट्या: सगळ्यांचे झाले, आता बाण आणायला चला. आणि पाच किंवा त्याहून जास्त शिट्या सलग वाजल्या तर जो जिथे आहे तिथेच थांबायचे, दोरी ओढलेली असली तरी बाण न सोडता हळूच सैल करायची. कुत्रे मैदानात शिरले, कुणाचा चेंडू आला, कुणी मूल धावले, काहीही असो. ही शेवटची शिटी कुणीही वाजवू शकते, त्यासाठी सरांची परवानगी लागत नाही. आम्ही व्हरांड्यातही एक शिटी खिळ्याला टांगून ठेवली आहे.

आता घरच्यांनी, विशेषतः मातांनी, लक्षात ठेवायच्या चार गोष्टी सांगतो.

पहिली, कपड्यांची. बाण सुटताना दोरी छातीजवळून आणि हाताच्या आतल्या अंगाजवळून सपकन जाते. सैल बाही, लोंबती ओढणी, गळ्यातली साखळी, यांत दोरी अडकली तर बाण भलतीकडे जातो आणि मुलीलाही मार बसतो. हिजाब घालणाऱ्या मुलींनी घालावाच, पण तो आत खोचून, अंगालगत बसणारा असावा. हनुवटीखाली आणि छातीजवळ पिना लावू नयेत, कारण दोरी ओढताना ती हनुवटीला येऊन टेकते. बाहीवर चामड्याचा किंवा प्लास्टिकचा हातपट्टा आणि छातीवर जाळीदार पट्टा चढवला की सगळे नीट बसते. आमच्या अकरापैकी सात मुली हिजाब घालतात. एकीचाही नेम त्यामुळे अडलेला नाही.

दुसरी, बाण काढण्याची. लक्ष्याकडे धावत जायचे नाही. रुतलेल्या बाणांची मागची टोके बरोबर मुलांच्या डोळ्यांच्या उंचीवर असतात. बाण काढणाऱ्याने लक्ष्याच्या बाजूला उभे राहावे, एक हात लक्ष्यावर टेकवावा, मागे कुणी नाही हे पाहावे आणि बाण ज्या दिशेने आत गेला त्याच दिशेने सरळ ओढावा. बाण एकदम सुटतो आणि मागे उभ्या असलेल्याच्या तोंडावर येतो.

तिसरी, सामानाची. बाण न लावता नुसती दोरी ओढून सोडू नये. त्याने धनुष्याची पाती तडकतात. आपल्या हाताच्या लांबीपेक्षा आखूड बाण वापरू नये, तो टेकूवरून आत घसरतो. कार्बनचा बाण रोज हलका वाकवून, चरचर येते का ते ऐकून पाहावा. तडा गेलेला बाण जपून ठेवायचा नसतो, मोडून टाकायचा असतो. आणि दोरी ओढताना हात आभाळाकडे नेऊ नये. चुकून बाण सुटला तरी तो बांधातच जायला हवा.

चौथी, घरची. ईदीच्या पैशांतून मुले खेळण्यातले धनुष्य आणतात. रबरी टोकाचा बाणसुद्धा डोळ्याला लागला तर डोळा जाऊ शकतो. खरे धनुष्य तर गच्चीवर, बोळात, अंगणात वापरायचेच नाही, मग घरात कितीही मोठा चॅम्पियन असो. घरी आणलेले धनुष्य दोरी उतरवून, बाण वेगळ्या पेटीत, कुलपात.

खर्च बराच आला, हे खरे. मधे असेही एक मत निघाले, की मैदानाच्या कडेने गाळे काढून भाड्याने द्यावेत म्हणजे खर्च निघेल. तेव्हा आम्ही बैठकीत इस्तंबूलच्या ओकमैदानीची गोष्ट सांगितली. ओकमैदानी म्हणजे बाणाचे मैदान. सुलतान मुहम्मद फातेह यांनी इस्तंबूल जिंकल्यावर ही जागा तिरंदाजीसाठी राखून दिली. त्यांचे पुत्र सुलतान बायजीद दुसरे यांनी तिथे तिरंदाजांसाठी तक्किया बांधला. लांबवर गेलेल्या बाणांच्या आठवणीसाठी तिथे दगडी खांब उभे राहिले. मैदानावर बांधकाम करू नये असा दंडक होता. पण पुढे शहर वाढत गेले आणि आज त्यातल्या मोठ्या भागावर वस्ती आहे. काही खांब घरांच्या गर्दीत उभे आहेत. सुलतानाने राखलेली जागा जर अशी जाऊ शकते, तर आमचे ६४ बाय ३८ मीटर किती दिवस टिकणार? एकदा गाळे आले की पश्चिमेची बाजूची तेरा मीटर गेली, आणि ती गेली की तिरंदाजीही गेली. गाळ्यांचा विषय निदान या वर्षी तरी मागे पडला आहे.

महिन्याची मुदत होती, लागले तीन महिने. सुरुवात करण्याच्या आदल्या दिवशी आम्ही खालांना बोलावले. त्या आल्या, बांधाच्या मागे गेल्या, जाळीला हात लावून पाहिला. मग गल्लीत जाऊन, गाडी नेहमी उभी असते तिथे उभ्या राहून मैदानाकडे पाहिले. आता सगळ्या धनुष्यांचे तोंड उत्तरेला होते, गल्ली बाजूला पडली होती. परत येऊन त्यांनी विचारले, "आणि मकतबच्या वेळेला?" आम्ही सांगितले, सराव फक्त शनिवार-रविवार सकाळी सात ते साडेआठ, मकतब असताना बाण सुटणार नाही. त्या म्हणाल्या, "मग ठीक आहे." एवढेच. शाबासकी दिली नाही आणि आम्ही ती अपेक्षिलीही नव्हती.

जे सदस्य शिबिर बंद करा म्हणत होते, त्यांचे मत अजून पूर्ण बदललेले नाही. पण दोन आठवड्यांमागे ते आपल्या भाचीला घेऊन आले. व्हरांड्यात बसून त्यांनी दीड तास सराव पाहिला. जाताना म्हणाले, "त्या डाव्या बाजूच्या चौकटीची दोरी सैल झाली आहे, बघून घ्या." आम्ही जाऊन पाहिले. खरेच सैल झाली होती.

तर वाचकहो, तुमच्या गावात असा वर्ग निघाला तर मुलामुलींना जरूर घाला. फक्त पहिल्या दिवशी स्वतः जा. बाण कोणत्या दिशेने सुटतो ते पाहा, आणि मग लक्ष्याच्या मागे, भिंतीच्या पलीकडे चालत जा. तिथे कोण राहते, कोण जाते-येते, कोण गाडी लावते, ते बघा. त्यांच्याशी बोला. आणि जो वर्ग चालवतो त्याला खालांनी आम्हांला विचारलेला प्रश्न विचारा. उत्तर नसेल तर भांडू नका, टेप घेऊन त्याच्यासोबत मैदानावर जा.

पुढच्या वेळी भेटू, इन्शाअल्लाह.